फुंकरीचं काम

पीठ चाळावं, कोंडा वेगळा काढावा, पण पिठाची चिमूटही टाकू नये, असं मला आईने शिकवलं. त्या शिकवणीच्या जोरावर मी एकदा एका माणसाचं घर जवळजवळ चाळणीतून खाली पाडलं होतं. तेव्हा माझी पन्नाशी उलटली होती. म्हणजे मूर्खपणा करायचं वय सरलंय, असं बाईला ठामपणे वाटायला लागतं ते वय. मी जे चाळलं ते पीठ नव्हतं, एवढं आत्ताच सांगून टाकते. बाकीचं सांगायचं तर आधी तो माणूस तुमच्यासमोर उभा करायला हवा, आणि त्याला उभा करायचा तर त्याच्या फुंकरीपासून सुरुवात करायला हवी.

कुठल्याही कामाला हात घालण्याआधी तो स्वतःच्या डाव्या हाताच्या पाठीवर हळूच फुंकर मारायचा. गरम दुधावरची साय बाजूला सारताना मारतो ना आपण, तेवढीच. मग क्षणभर हाताकडे बघत राहायचा, जणू तिथे काहीतरी उमटणार आहे.

"हे काय मिस्तरी? नजर काढता की काय हाताची?" मी एकदा विचारलं.

"हवा कशी आहे ते बघतो, ताई."

"मग खिडकीतून बघा की."

"खिडकीतली हवा वेगळी. ही माझ्या कामाची."

आता अशा माणसाशी काय बोलणार?

जव्हारमध्ये आमच्या घराच्या मागे एक पत्र्याची शेड आहे. पूर्वी तिथे भाताची गिरण होती. गिरण बंद पडली, बरीच वर्षं शेडमध्ये कोंबड्या आणि धुकं एवढेच राहायचे. आमच्याकडचं धुकं तुम्हाला माहीत असेल. ते दार वाजवत नाही, सरळ आत येऊन बसतं. मग एका उन्हाळ्यात तिथे टेम्पो आला, त्यातून लोखंडी कपाटासारखं काहीतरी उतरलं, आणि दुसऱ्या दिवसापासून माझी दुपारची झोप गेली. जेवून मी जरा आडवी झाले की पलीकडे कॉम्प्रेसर धडधडायला लागायचा.

काही दिवस मी उशीखाली डोकं घालून सोसलं. मग पदर खोचला आणि भांडायला गेले.

शेडमध्ये अंधार होता. मधोमध एक पोलादी पेटी, तिला समोरून काच, आत दिवा. पेटीला दोन गोल भोकं, आणि त्या भोकांतून एक माणूस कोपरापर्यंत हात आत घालून उभा. काचेपलीकडे पांढरं धुकं भरलेलं होतं. आमचंच, आषाढातलं, पण कोणीतरी पेटीत कोंडून ठेवल्यासारखं. त्या धुक्यात त्याची रबरी मोज्यातली बोटं हलत होती आणि बोटांच्या टोकाशी काहीतरी इवलंसं चमकत होतं. पेनाएवढ्या नळीतून बारीक आवाज येत होता, स्स्स, स्स्स, तान्ह्या पोराला शू करायला बसवल्यावर आई करते तसा.

मी तोंड उघडं ठेवून उभी राहिले. भांडायची वाक्यं घरून जुळवून आणली होती, त्यातलं एकही आठवेना.

त्याने मान वळवली नाही. म्हणाला, "ताई, भांडायला आलात ना? एवढी एक नळी होऊ द्या. मग निवांत भांडू."

नळी झाली. त्याने हात बाहेर काढले, मला स्टूल दिलं आणि एक मोठं भिंग माझ्या हातात देऊन म्हणाला, "बघा."

मी पाहिलं. पोलादाची नळी, उदबत्तीच्या काडीपेक्षाही बारीक, आणि तिच्या अंगाला बाजूने एक भोक. त्याने आणखी एक नळी धरली, काम न झालेली. तिच्या भोकाच्या कडेला केसासारखा एक काटा उभा होता. धातूला भोक पाडलं की असा काटा मागे राहतो. तो कानशीने निघत नाही, बोटाला लागत नाही, नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. त्यावर दगडाच्या जातीच्या पांढऱ्या पावडरीची बारीक फुंकर मारायची, सुईच्या नेढ्याएवढ्या तोंडातून, कोरड्या हवेच्या जोरावर. तेवढाच काटा जातो, नळीला कळतसुद्धा नाही. ही विद्या तो वसईच्या एका कारखान्यात शिकून आला होता.

"एवढ्याशा काट्यासाठी एवढं मोठं धूड?" मी म्हटलं.

"ही नळी तान्ह्या बाळाच्या शिरेत जाते, ताई," तो म्हणाला. "त्याला मोठाच असतो तो काटा."

घरी आले तर आमचे हे पेपर वाचत बसले होते. "झालं भांडण?"

"नाही. उद्या दहा वाजता बोलावलंय."

"परत भांडायला?"

"नोकरीला."

तर अशी मी त्या शेडमध्ये लागले. झालेल्या नळ्या धुवायच्या, वाळवायच्या, भिंगाखाली बघून लहान पाकिटांत भरायच्या. तोंडाला फडकं बांधायचं, बांगड्या काढून ठेवायच्या, आणि हळू वागायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड. "हळू. फुंकरीचं काम आहे," असं तो दिवसभर म्हणायचा. मी पाकीट टराटरा फाडलं की म्हणायचा. टेम्पोवाला मागे घेताना दाराला घासला की त्यालाही तेच. बाहेर पर्यटकांची गाडी थांबून, "शिरपामाळ किधर?" असं कोणी ओरडलं की हा मोजे घातलेला पांढरा हात दाराबाहेर काढून दिशा दाखवायचा आणि वर सांगायचा, "हळू जा. वळण आहे." गाडीतली पोरं तो हात बघून गप्प व्हायची. धुक्यातून नुसता पांढरा हात आला तर तुम्हीही गप्प झाला असतात.

त्याचं सकाळचं एक काम मला फार आवडायचं. पहिल्या नळीला हात लावण्याआधी तो काचेचा एक तुकडा पेटीत धरायचा आणि त्याच्यावर क्षणभर फुंकर मारायचा. काचेवर बोराएवढा पांढरा ठिपका उठायचा, दुधी, मऊ. तो ठिपका दिव्यापुढे धरून बघायचा. गोल आणि सारखा असला तर हवा कोरडी, पावडर चांगली, तोंड मोकळं. कडा फाटली असेल तर काहीतरी चुकतंय.

"आजचा चंद्र बघा," असं म्हणून तो मला काच द्यायचा.

ते तुकडे तो फेकायचा नाही. खिडकीत ओळीने उभे करून ठेवायचा. संध्याकाळी उन्हाची तिरीप आली की समोरच्या पत्र्यावर ते सगळे चंद्र उमटायचे, एकमेकांत मिसळायचे. मी झाडू हातात घेऊन त्यांच्यामधून चालायचे. नोकरी करतेय की स्वप्नात आहे, असं वाटायचं. अर्थात तेव्हाची ती पन्नाशीची बया स्वप्नातही झाडूचा हिशेबच करत असणार.

पावडर तो जिवापलीकडे जपायचा. आमच्याकडची हवा म्हणजे ओलं फडकं. मीठ पाणी सोडतं, आगपेटी पेटत नाही. पावडरीला जराशी ओल लागली तरी तिचे गठ्ठे होतात आणि बारीक तोंड चोंदतं. म्हणून एका जुन्या कपाटात रात्रंदिवस बल्ब जळता ठेवून त्याच्या उबेला तो पावडरीचा डबा ठेवायचा. वरून घट्ट झाकण, झाकणावर चिकटपट्टी.

वीज गेली की कॉम्प्रेसर थांबायचा आणि शेडमध्ये एकदम शांतता पडायची. आमच्याकडे वीज जायला कारण लागत नाही. अशा वेळी तो पेटीतून हात काढायचा नाही. तसाच उभा राहायचा, डोळे मिटून, हात आत.

"मिस्तरी, बाहेर काढा की हात. अवघडतील."

"आत राहू देत. आत राहिले की कुठपर्यंत आलो होतो ते हातांच्या लक्षात राहतं."

मला त्या वेळी हसू आलं होतं.

त्याचं गाव साखरशेतच्या बाजूला. भाताची थोडी जमीन, माळावर नागली. नागली म्हणजे तुमची नाचणी. लग्न झाल्या झाल्या तो वसईला गेला आणि तिथेच राहिला. बायको इथे शेत बघायची. तो दिवाळीला यायचा, होळीला यायचा, लावणीला जमलं तर यायचा. दोघांचा सगळा संसार असा सुट्टीतला. शेवटी कारखान्याच्या शेठला म्हणाला, मशीन मला गावाकडे द्या, तुमचंच काम तिकडे करून पाठवतो. शेठने कुरकुर करत एक जुनं मशीन दिलं. असा तो जव्हारला आला आणि रोज संध्याकाळी सायकलवर घरी जायला लागला. त्याला त्याचंच इतकं नवल वाटायचं, की सकाळी आल्यावर घरातल्या बातम्या परगावच्या बातम्यांसारख्या सांगायचा.

"ताई, ती डाव्या कुशीवर झोपते."

"कोण?"

"घरची. एवढी वर्षं झाली लग्नाला, मला यंदा कळलं."

घरची कधीमधी बाजाराला आली की शेडमध्ये डोकवायची. काटक, ठसठशीत कुंकू, आवाज तीन घरं ओलांडणारा. नवऱ्याला ती अरे-तुरे करायची, त्यांच्याकडे तसंच. मी वयाने मोठी, पण मलाही 'बाय' आणि 'तू'. मला ते आवडायचं.

"काय रे, पांढरा झालास, भूत दिसतोस," असं म्हणत ती आपल्याच पदराने त्याचं कपाळ पुसायची. मग माझ्याकडे वळून, "बाय, हा इथे तुझ्याशी बोलतो तरी का? घरी नुसता बघत बसतो माझ्याकडे. मी काय सिनेमा हाय?"

"हळू," तो म्हणायचा. "फुंकरीचं..."

"तुझ्या फुंकरीला आग लागो," ती म्हणायची. आणि दोघंही हसायची.

हे सगळं किती नाजूक दोऱ्यावर लटकत होतं ते त्या वर्षी दसऱ्यानंतर कळलं. शेठ स्वतः गाडी घेऊन आला. एक नवीन कंपनी त्याला मोठं काम देणार होती, पण आधी नमुन्याचा लॉट बघणार होती. मोजून दिलेल्या नळ्या, एकही जास्तीची नाही. शेठने स्पष्टच सांगितलं. लॉट पास झाला तर मशीन जव्हारला राहील. नाहीतर दिवाळीआधी टेम्पो पाठवतो. मशीन परत वसईला, आणि तुला यायचं असेल तर मशीनबरोबर ये.

शेठ गेल्यावर त्याने हाताच्या पाठीवर फुंकर मारली आणि बराच वेळ हाताकडे बघत राहिला.

आता येते माझी करामत.

तो अर्ध्याअधिक नळ्या करून झाला होता. एके दिवशी त्याला मोखाड्याला जावं लागलं, मेव्हण्याच्या घरी काहीतरी कार्य होतं. जाताना मला म्हणाला, "ताई, मशीनखालच्या पेटीतली वापरलेली पावडर गोणीत भरून बाहेर ठेवा. बाकी कशाला हात लावू नका."

मी खालची पेटी उघडली. आत पावडर साठली होती, पांढरीशुभ्र, हाताला तांदळाच्या पिठीसारखी. अशी पिठी कोणी गोणीत भरून बाहेर टाकतं का? तुम्हीच सांगा. आणि खोटं बोलू नका, तुमच्याही मनात तेच आलं असतं जे माझ्या आलं. कपाटातला डबा निम्मा रिकामा झालेला. पावडर येणार वसईहून, कधी येणार ते शेठच्या लहरीवर. मी म्हटलं, बिचारा मिस्तरी, त्याला घर चालवायचं शिकवलंय कोणी? सुट्टीतला संसार.

घरी गेले आणि स्वयंपाकघरातली बारीक चाळणी आणली. खाली बसून ती पावडर एकदा चाळली, मन भरलं नाही म्हणून परत चाळली. गाणंसुद्धा म्हणत होते. मग कपाट उघडलं, डब्याची चिकटपट्टी काढली, आणि माझी चाळलेली पिठी वरपर्यंत भरून पुन्हा झाकण लावलं. पट्टी अशी सफाईने चिकटवली, की स्वतःवरच खूश झाले.

सांगितलं कोणाला नाही. म्हटलं, त्याने स्वतः डबा उघडून चकित व्हावं.

दुसऱ्या दिवशी तो आला. मशीनच्या टाकीत आधीची थोडी पावडर शिल्लक होती, त्यामुळे सकाळचा चंद्र गोल आला. मग त्याने टाकी भरायला डबा उघडला.

"भरलेला दिसतोय," तो म्हणाला.

"असेल," मी म्हटलं, आणि तोंड फिरवून हसले. काय सांगू, लग्नात नवऱ्याच्या चपला लपवणाऱ्या करवलीसारखं वाटत होतं मला.

काही नळ्या ठीक झाल्या. मग तो बारीक आवाज अडखळला. स्स्स, स्, स्स्, आणि एक उबळ. त्याने मशीनच्या पायडलवरून पाय उचलला. कान तिरका केला. पुन्हा दाबलं. आतलं धुकं एकदम दाट झालं, मग विरळ, मग काहीच नाही. त्याने हात बाहेर काढले, काचेचा तुकडा घेतला, फुंकर मारली. आजचा चंद्र उंदरांनी कुरतडलेल्या भाकरीसारखा आला.

त्याने हवा बंद केली. पेनासारखी ती नळी उघडली, तिचं तोंड काढलं, सुईने साफ करत बसला. सुईच्या टोकावर काहीतरी आलं. ते त्याने तळहातावर घेतलं, भिंग धरलं, आणि मला जवळ बोलावलं.

लालसर, चपटं, इवलंसं टरफल.

"ताई," तो म्हणाला, "हे मशीन नागली खात नाही."

 त्या चाळणीतून मी पावडरीच्या आधी नागलीचं पीठ चाळलं होतं. मग मी सगळं भडाभडा सांगितलं. चाळणी, गोणी, दोनदा चाळलेलं, गाणंसुद्धा सांगितलं.

त्याने शेवटच्या काही नळ्या भिंगाखाली धरल्या. एकेक बघून बाजूला ठेवत गेला. अंगावर ओरखडे उठले होते. त्या गेल्या.

"नागली तर निघेल हो," मी म्हटलं. "मी परत चाळते. मऊ फडक्यातून."

"नागलीचं नाही, ताई." तो स्टुलावर बसला. एखाद्या पोराला सांगावं तसं सांगितलं त्याने. पावडरीचा प्रत्येक कण आपटला की फुटतो. त्याची धार जाते. त्यात धातूचा कीस मिसळतो. मग तो कधी घासतो, कधी घासत नाही, कधी ओरखडा काढतो. "कितीही चाळली तरी, ताई, ही पावडर जन्मात एकदाच कामाला येते."

डब्यात होती तेवढीच पावडर. ती मी सगळी बाटवली होती.

आणि नेमकी तेव्हा दारात त्याची बायको आली. बाजाराचा दिवस. डोक्यावर पाटी, पाटीत दुधी आणि फडक्यात बांधलेली नागलीची भाकरी. आमची तोंडं बघून म्हणाली, "काय झालं? कोण मेलं?"

त्याने तळहात पुढे केला. तिने टरफल बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, आता थोडक्यात. ती आधी नुसतीच खुसखुसली, मग पाटी खाली ठेवून अशी हसली, की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "बाय गं! तुझ्या चाळणीने माझा नवरा चाळलास!"

मलाही हसू आलं. तोही हसला. आणि हसता हसता तिचा आवाज मध्येच थांबला. तिने पेटीकडे बघितलं, मग भिंतीला टेकलेल्या त्याच्या सायकलकडे. उंबऱ्यावर बसली आणि हळू म्हणाली, इतकं हळू बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं,

"मग काय. परत सुट्टीलाच येजो."

त्याने पाटी जवळ ओढली. भाकरी सोडली, तीन तुकडे केले, एक मला दिला. मी तो हातातच धरून बसले.

मग त्याने शेठला फोन लावला. आवाज मोठाच होता फोनचा, आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"शेठ, पावडर में नागली गया."

"क्या गया?"

"नागली."

"नागली क्या होता है?"

"रोटी का, शेठ. लाल रोटी."

पलीकडे शेठच्या डोक्यात उजेड पडला. मग जे सुरू झालं ते मी लिहिणार नाही, नातवंडं वाचतात. शेवटी शेठ ओरडला, "किसने डाला?"

मी पुढे झाले. म्हटलं आपण सांगावं. त्याने हातानेच मला थांबवलं आणि म्हणाला, "मशीन मेरे पास है ना, शेठ. तो मैंने डाला."

पावडर भाजीच्या टेम्पोतून येईल, पण चार दिवस लागतील, असं ठरलं. कंपनीची तारीख शेठ कशीबशी पुढे ढकलणार होता. ढकलली गेली तर गेली. बिघडलेल्या नळ्या वेगळ्या पाकिटात पाठव, लपवू नको, असंही म्हणाला. लपवायचा विचार त्या माणसाच्या डोक्यात आला नव्हता, हे शेठला बिचाऱ्याला माहीत नसावं.

त्याने मशीन पुसलं, कपाटातला बल्ब बंद केला, शेडला कुलूप लावलं. जाताना मला म्हणाला, "चार दिवस झोपा दुपारच्या, ताई."

झोप कसली येते? पलीकडे कॉम्प्रेसर नव्हता आणि ती शांतता मला खायला उठली. चाळणी मी उंच खिळ्याला टांगली. चार दिवस आमच्या ह्यांनी कोंड्यासकट भाकरी खाल्ली आणि कारण विचारलं नाही. मी तुळशीपुढे दिवा लावताना काय काय मागितलं ते देवाला तरी आठवत असेल की नाही कोण जाणे. त्या बाईचं "परत सुट्टीलाच येजो" कानातून जाईना. दोन माणसांनी केवढ्या वर्षांनी एका छपराखाली पाठ टेकली होती, आणि मी चाळणी घेऊन मध्ये बसले होते.

पाचव्या दिवशी तो आला. बोटं चिरलेली, नखांत माती. पावडरीचं सीलबंद पाकीट फोडण्याआधी तो हात धूत राहिला, साबण लावून पुन्हा पुन्हा.

"झाले की स्वच्छ," मी म्हटलं.

"नागलीचा वास आहे अजून. मशीनला कळेल."

त्याने हाताच्या पाठीवर फुंकर मारली. चंद्र गोल आला.  राहिलेल्या नळ्या त्याने एकेक करून केल्या. मी एकेक भिंगाखाली बघून भरली. बिघडलेल्यांचं पाकीट वेगळं, त्यावर त्याने स्वतःच्या मोठ्या मोठ्या अक्षरात लिहिलं, 'खराब'.

दिवाळीच्या तोंडावर फोन आला. शेठ म्हणाला, थोड्या नळ्या कमी भरल्या तरी लॉट पास. बिघडलेल्या नळ्या कशाने बिघडल्या, असं कंपनीच्या मॅडमनी विचारलं आणि ऐकून त्या हसल्या म्हणे. वर विचारलं, ही लाल रोटी मिळते कुठे? पुढच्या लॉटबरोबर मी नागलीचं पीठ पाठवलं. बारीक चाळून. चाळणीला अखेर तिचं काम मिळालं.

मशीन राहिलं. तोही राहिला. काम वाढत गेलं, रविवारीसुद्धा कॉम्प्रेसर वाजायला लागला. सकाळी अंधारात सायकल यायची, संध्याकाळी अंधारात जायची. माझे गुडघे गेले, नातवंडं आली, मी काम सोडलं. पण दुपारी पलीकडून ती धडधड सुरू झाल्याशिवाय मला झोप येईनाशी झाली.

मागच्या पावसाळ्याच्या अखेरीस एका दुपारी धडधड झालीच नाही. मी जागीच राहिले. वीज गेली असेल म्हटलं, पण आमच्या घरात पंखा फिरत होता. संध्याकाळी कळलं. रात्री झोपेतच गेला. आदल्या दिवशीची नळी पेटीत अर्धी राहिली होती. शेठचा टेम्पो आला आणि मशीन घेऊन गेला. शेडमध्ये पुन्हा धुकं राहायला आलं.

बाराव्यानंतर त्याची बायको माझ्याकडे आली. हातात फडक्याचं गाठोडं होतं. सोडलं तर आत खिडकीतले काचेचे तुकडे. "ह्याचं काय करू मी? तू घे," म्हणाली. कपाळ मोकळं होतं, आवाज लहान झाला होता. मी चहा ठेवला. बाहेर धुकं दाराशी आलं होतं. तिने एक काच उचलून दिव्यापुढे धरली, तसा भिंतीवर एक मऊ ठिपका उमटला.

मला राहवलं नाही.  म्हटलं, "तेव्हा मी ती पावडर चाळली, तुझं घर मोडता मोडता राहिलं. मला अजून झोपेत दिसतं ते टरफल."

ती काचेकडेच बघत होती.

"ते चार दिवस तो माझ्यासंगती नागली खुडायला आलेला," ती म्हणाली. "तसा घरी राहायला आला खरा, पण दिवसाचा मला कधी दिसलाच नाय. त्या चार दिवसांत दिसला. एकेक कणीस खुडायचा नि त्यावर फुंकर मारायचा. सगळे हसायचे. मी म्हटलं, अरे अशानं शिमग्यापर्यंत खुडत बसशील. तर म्हणतो, मग बसू की."

तिने काच हळूच फडक्यावर ठेवली. भिंतीवरचा ठिपका गेला. मग ती माझ्याकडे वळली, आणि तिचा तो तीन घरं ओलांडणारा आवाज जरासा परत आला.

"बाय, तेव्हा आणखी एक डबा का नाय चाळलास गं?"